उंदराला आजार झालाच नाही, तर?

जनुक बदललेले उंदीर सांभाळणं हे माझं काम आहे असं कळलं की बहुतेक जण विचारतात, "उंदीर म्हणजे काही माणूस नाही. मग त्याच्यावरचे निष्कर्ष आम्हाला कसे लागू पडणार?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

प्रश्न रास्त आहे. कित्येकदा ते लागू पडतही नाहीत. पण जिथे पडत नाहीत, तिथेच कधी कधी सगळ्यात मोलाचं काही हाती लागतं. सिस्टिक फायब्रोसिसचंच घ्या.

हा आनुवंशिक आजार. सीएफटीआर या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की शरीरातले स्राव घट्ट होतात, फुप्फुसात चिकट कफ साठतो, त्यात जंतू ठाण मांडतात. बहुतेक रुग्ण दगावतात ते फुप्फुसांपायीच. हे जनुक 1989 मध्ये सापडलं. उंदराचं हवं ते जनुक बंद पाडण्याची रीतही त्याच सुमारास हाती आली होती. त्या रीतीसाठी मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना 2007 मध्ये नोबेल मिळालं. भ्रूणाच्या मूलपेशींमधलं जनुक बिघडवायचं आणि त्या पेशी दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात सोडायच्या. पिल्लाच्या अंगावर दोन रंगांचे चट्टे दिसले की पेशी रुजल्या. मग पैदास. वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेल्या, नर-मादीच्या चार पिल्लांत सरासरी एकाच्याच दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. ते पिल्लू कोणतं, हे शेपटीच्या टोकाचा कणभर तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, केल्यावरच कळतं. उरलेली तीनही जीवच असतात आणि हे मला खुपतं. म्हणून प्राणी नैतिकता समितीपुढे आकडा मांडताना मी नेहमी हात राखून मागते.

स्मिथीज यांच्या गटाने 1992 मध्ये सिस्टिक फायब्रोसिसचा उंदीर तयार केला. आणि झालं काय? पिल्लं मरू लागली ती आतडी तुंबून. त्यांना जगवायला नेहमीच्या कडक खाद्याऐवजी पातळ आहार द्यायची वेळ आली. फुप्फुसं मात्र माणसासारखी बिघडलीच नाहीत.

मग हा उंदीर फुकट गेला म्हणायचं का? माझ्या मते नाही. जनुक तेच, बिघाड तोच, तरी फुप्फुस वाचतं, म्हणजे उंदराकडे असं काहीतरी आहे किंवा नाही, जे आपल्या बाबतीत उलटं आहे. उत्तर 2016 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून आलं. श्वासनलिकेच्या आतल्या पातळ द्रवात सीएफटीआरमुळे आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट येतं. माणसात आणि डुकरात एटीपी12ए नावाचा एक पंप त्याच द्रवात आम्ल सोडत असतो. बायकार्बोनेट बंद झालं की द्रव आंबट होतो आणि त्यातली जंतुनाशक प्रथिनं लुळी पडतात. उंदराच्या श्वासनलिकेत हा पंप जवळजवळ नसतोच. संशोधकांनी तो आजारी उंदरांमध्ये मुद्दाम आणून बसवला, तर द्रव आंबट झाला, जंतू वाढले. माणसाच्या आणि डुकराच्या श्वासनलिकेत पंप रोखला, तर जंतू मारण्याची ताकद परतली. औषधासाठी एक नवी जागा सापडली, ती उंदीर आजारी न पडल्यामुळे.

कोरोनाच्या वेळची गोष्ट याच्या उलट. 2020 मध्ये आलेल्या विषाणूला उंदराचा एसीई2, म्हणजे पेशीत शिरण्यासाठी विषाणू ज्याला चिकटतो ते प्रथिन, धरताच येत नव्हता. आयोवातच सार्सच्या, म्हणजे आधीच्या एका कोरोना विषाणूच्या आजाराच्या, अभ्यासासाठी माणसाचा एसीई2 घातलेले उंदीर आधी तयार झाले होते. त्यांना अचानक जगभरातून मागणी आली. हे उंदीर आजारी पडतात, मरतातही. पण त्यांच्यात विषाणू मेंदूपर्यंत जोरात पोचतो आणि मरण्यामागे त्याचा मोठा वाटा असतो. माणसात मुख्य घाव फुप्फुसांवर होता. म्हणून या उंदरांत एखाद्या औषधाने किती जीव वाचले हा आकडा समोर आला, की मी आधी त्यांच्या फुप्फुसांचे आणि मेंदूचे निष्कर्ष वेगवेगळे मागते.