सर्वांचा अभ्यास एकच

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी पुढील शिक्षणाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा अमेरिकेत मेरीलँड राज्यातील ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाविषयीच लिहायचे, हे मी लगेच ठरवले. या छोट्याशा महाविद्यालयात १९३७ पासून सर्व विद्यार्थ्यांना जवळपास एकच अभ्यासक्रम आहे. तेथे विषयवार विभाग नाहीत, आणि शिकवणाऱ्यांना प्राध्यापक न म्हणता ‘ट्यूटर’ म्हणतात.

आपल्या शाळेत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने भूमिती शिकलेला मी, तेथे पहिल्या वर्षी युक्लिडचे पहिलेच प्रमेय फळ्यावर मांडायला उभा राहिलो. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्यासाठी दोन वर्तुळे काढायची आणि त्यांचा छेदनबिंदू घ्यायचा, एवढेच ते काम. पण एका वर्गमैत्रिणीने विचारले, “ही वर्तुळे एकमेकांना छेदतात, हे कशावरून? आकृतीत दिसते म्हणून?” युक्लिडच्या गृहीतकांत याचे उत्तर खरोखरच नाही. ट्यूटरांनी ते स्वतः सांगून टाकले नाही. पूर्ण तास आम्ही ती गृहीतके पुन्हापुन्हा वाचत राहिलो, आणि सिद्धता पाठ असणे व ती पटणे यांतले अंतर मला त्या दिवशी प्रथमच कळले.

सोमवारी आणि गुरुवारी रात्री चर्चावर्ग भरत असे. एका मोठ्या टेबलाभोवती सगळे बसत, दोन ट्यूटरांपैकी एक जण वाचलेल्या ग्रंथावर एक प्रश्न मांडे, आणि पुढचे दोन तास बोलणे मुख्यतः विद्यार्थ्यांचे असे. ही चर्चा वर्गात संपत नसे. भोजनगृहात शेजारी बसलेला चौथ्या वर्षाचा विद्यार्थी तोच ग्रंथ पूर्वी वाचून झालेला असल्यामुळे अनोळखी माणसाशीही बोलायला विषय शोधावा लागत नसे. परक्या देशात आलेल्या माझ्यासारख्याला याचा केवढा आधार वाटला! तेथील जिव्हाळ्याचे मूळ, माझ्या मते, संख्या लहान असण्यापेक्षाही या समान वाचनात होते.

सत्राच्या शेवटी सारे ट्यूटर विद्यार्थ्यासमोरच त्याच्या कामाविषयी आपसांत बोलत आणि नंतर त्याला बोलू देत. गुणपत्रिकेपेक्षा ही पद्धत मला फार न्याय्य वाटते.

ज्याला सुरुवातीपासून एकाच विषयात पारंगत व्हायचे आहे, त्याने मात्र येथे येण्याआधी नीट विचार करावा, कारण प्राचीन ग्रीक भाषा, संगीत आणि प्रयोगशाळा यांतून कोणालाच सूट नसते.