बांबूचा ऑर्गन: पाइप बोलू लागले

मंडळी, मी बांबूचा ऑर्गन, म्हणजे भात्याच्या हवेने नळ्या वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य, बनवतोय. त्याच्या पंचवीस पाइपांपैकी खालचं सप्तक सुरावर आलं आहे. वरच्या सप्तकाच्या नळ्या मापात कापून ठेवल्यात, त्यांची तोंडं कापायची बाकी आहेत. भाता पूर्ण झाला. पट्ट्या आणि झडपा अजून सुताराकडे आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ज्या वाद्याने हे वेड लावलं ते फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यासच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये आहे. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ साली त्याचं काम हाती घेतलं आणि १८२४ साली ते पुरं झालं. एकूण १,०३१ पाइप, त्यातले ९०२ बांबूचे. समोर आडवे रोखलेले कर्णे मात्र धातूचे, कारण तो खणखणीत आवाज बांबूतून निघत नाही. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे पक्ष्यांची किलबिलही त्यात आहे; छोट्या नळ्यांची टोकं पाण्यात बुडवून ती काढतात.

सेराने तोडलेला बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता. बराच काळ गेल्यावर उकरला आणि ज्याला कीड लागली नव्हती तोच वापरला. मला हा माणूस इथेच सर्वात मोठा वाटतो. पाइप कोणते करायचे हे त्याने किडीलाच ठरवू दिलं! आपल्याकडे बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून व्हाळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्याने आतला पिष्टमय अंश धुऊन जातो आणि किडीला खायला उरत नाही. मी तेच केलं. न भिजवता ठेवलेल्या तुकड्यांखाली पिवळं पीठ पडलंय, भिजवलेले अजून स्वच्छ आहेत.

आता मापाचं. युरोपातला कारागीर शिशाचा आणि कथलाचा पत्रा वळवून हवा तो व्यास काढतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ट्योप्फर या ऑर्गनतज्ज्ञाने त्याचं गणितच बसवून दिलं: सोळा अर्धस्वर वर गेलं की व्यास निम्मा. त्या हिशेबाने माझा खालचा पाइप आतून ४० मिलिमीटर, तर सर्वात वरचा १४. बांबूत हे बेटातून निवडून घ्यावं लागतं. माणगा जातीचा बांबू जवळपास भरीव, त्यामुळे उपयोग नाही. खाली जाड कळक, वर बारीक पोकळ बांबू, असं जमलं. व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) घेऊन बेटाशी बसायचं आणि जुळेल ते बाजूला काढायचं.

खालच्या पांढरी एकच्या (म्हणजे C सुराच्या) पाइपाची लांबी गणिताने ६६ सेंटिमीटर येते. पण हवेचा थरथरता स्तंभ दोन्ही टोकांना नळीच्या थोडा बाहेर जातो, म्हणून प्रत्यक्षात नळी ६०च्या आसपास ठेवावी लागते. मधल्या गाठी तापल्या सळीने फोडून कानशीने आतून साफ केल्या. एखादा कंगोरा राहिला तर सूर घोगरा येतो.

सगळा जीव तोंडात आहे. रचना आपल्या पाव्याचीच: खाली लाकडी ठोकळा, त्याच्यापुढे मिलिमीटरपेक्षा बारीक फट, आणि फटीतून निघालेली हवा वरच्या ओठावर आपटते. तोंडाची रुंदी परिघाच्या पाव ठेवली, म्हणजे सर्वात खालच्या पाइपाला ३१ मिलिमीटर. उंची त्याच्या पाव, म्हणजे सुमारे ८. सुरुवात ५ पासून करा. ओठ खाली असला की पाइप चटकन वरच्या सप्तकात उडी मारतो. कानशीचे दोन हात द्या, वाजवून ऐका, पुन्हा दोन हात. एका ठिकाणी आवाज बसतो, भरदार होतो आणि फुंकीबरोबर लगेच उमटतो. तिथे थांबायचं, कारण जास्त घासलेला ओठ परत येत नाही. बांबूच्या धारेला चोया निघतात, म्हणून घासण्याआधी फेविक्विकचा पातळ हात द्या. धार काचेसारखी येते.

भात्याचा दाब मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरलं. मला ६० मिलिमीटर पाणी हवं होतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६ ग्रॅम. साठवण भात्याची वरची फळी ३० बाय ५० सेंटिमीटर, समांतर उचलली जाणारी. म्हणजे फळीसकट ९ किलो वजन. फरशीचे तुकडे रचून ते भरलं आणि पाणी बरोबर रेघेवर आलं. पंप पायानेच मारतो. मोटर लावली असती, पण तिचा घोंगाट या हलक्या पाइपांना सोसणार नाही.

सूर लावताना तापमान लिहून ठेवा. दर अंशाला पाइप सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक पडला तर ३० सेंट. पेटीचे पितळी सूर त्या प्रमाणात हलत नाहीत, त्यामुळे सकाळी पेटीशी मिळवलेला पाइप दुपारी बेसूर वाटतो. मी टोकाला तांब्याच्या पट्टीचं सरकतं कडं बसवलंय, त्याने सूर खालीवर होतो.

पुढची चिंता पावसाची. लास पिन्यासचा ऑर्गन १९७३ साली दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला क्लाइस या ऑर्गनच्या कारखान्यात नेला, तेव्हा बांबू तडकू नये म्हणून तिथे फिलिपिन्ससारखी दमट हवा राखलेली खोली केली होती. माझा प्रश्न उलटा आहे: आषाढातल्या ओलीत ठोकळा फुगून फट बंद होईल का? दोन पाइपांना आतून लाखेचा हात दिला आहे, बाकीचे कोरे आहेत. सागाऐवजी फणसाचा ठोकळा कुणी वापरला असेल तर अनुभव कळवा. वरच्या सप्तकाचे ठोकळे अजून कापलेले नाहीत.