मांडव्याहून मालवण: छोट्या शिडाच्या होडीची तयारी

मांडव्याहून मालवणला शिडाच्या होडीने जायचं ठरलं तेव्हा पहिला हिशोब मी नांगराचा केला, आणि हा क्रम बरोबर होता असं आजही म्हणेन. अंतर साधारण पावणेदोनशे सागरी मैल. होडी चोवीस फुटी, फायबरची, जुनी विकत घेतलेली. दिवसाउजेडी तिच्याकडून तीस-पस्तीस मैलांची अपेक्षा धरावी. म्हणजे रोज संध्याकाळी कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या आडोशाला मुक्काम: जंजिरा, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. मच्छीमारांच्या जेटीवर जागा अडवणं मला पटत नाही. तिथे पहाटे मासळी उतरते, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मग रात्रीची सगळी झोप नांगराच्या भरवशावर.

पावसाळाभर होडी किनाऱ्यावर शाकारलेली होती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की ट्रॉलर बाहेर पडतात. छोट्या शिडाच्या होडीने त्यांच्यामागोमाग निघू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात. नोव्हेंबर 2009 मधलं फयान कोकणातला मच्छीमार अजून विसरलेला नाही. मी जानेवारी धरला आणि कामाला गणपतीनंतर लागलो.

शेजारच्या वाडीतले एक नाखवा होडी बघायला आले. शिडं, डोलकाठी, रंग यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन विचारलं, "नांगर केवढा हाय रे तुजा?" जुन्या मालकाने दिलेला नांगर सहा किलोचा होता आणि साखळी जेमतेम चार हात. त्यांनी तो एका हाताने उचलला आणि काही न बोलता खाली ठेवला.

मुंबईत दारुखान्याच्या जहाजी सामानाच्या बाजारात दोन फेऱ्या मारून दहा किलोचा, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा नांगर आणि आठ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड साखळी वीस मीटर घेतली. पुढे चौदा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर पन्नास मीटर. नायलॉनच का, तर तो ताणतो आणि झटका खातो. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलिनचा दोर पाण्यावर तरंगतो, दुसऱ्या होडीच्या इंजिनाच्या पंख्यात जातो. किती दोर सोडायचा याचा हिशोब ओहोटीच्या खोलीवर करून भागत नाही. ओहोटीला तीन मीटर पाणी असेल, भरतीला आणखी तीन चढणार असेल आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर झाले सात. त्याच्या किमान पाचपट म्हणजे पस्तीस मीटर. वारा असेल तर सातपट. साखळीवर दर पाच मीटरला रंगाचा पट्टा मारला, अंधारात टॉर्चच्या उजेडात मोजता यावा म्हणून.

एवढा नांगर ज्या खुंटीला बांधायचा ती उचकटून पाहिली. चार स्क्रू आणि खाली नाण्याएवढे वॉशर. डेकच्या फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं, ते स्क्रूच्या भोकातून झिरपलेल्या पाण्याने काळं पडून भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. कुजलेला भाग कोरून काढला, आठवडाभर वाळू दिला, इपॉक्सीने भरला आणि खालून स्टीलची जाड पट्टी देऊन खुंटी आरपार बोल्टांनी बसवली. हे काम बाहेरून दिसत नाही, पण सगळ्या तयारीत मला याचंच मोल जास्त वाटतं.

तळाचं काम ठरलेलं. शिंपले खरवडले, घासलं, शिंपले धरू न देणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाचे दोन हात. पाणी आत-बाहेर जायला पाण्याखाली भोकं असतात, त्यांवरचे व्हॉल्व मात्र एकेक करून उघडले. त्यातला एक साधा पितळी होता. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि उरतो तो तांबूस, ठिसूळ सांगाडा. वरून ठणठणीत दिसतो, पान्याने वळवला की तुटतो. सगळे काढून ब्राँझचे बसवले. होडी बांधणाऱ्या सुताराकडून व्हॉल्व तुटलाच तर ठोकायला प्रत्येक भोकाच्या मापाची लाकडी बुचं करून घेतली आणि ज्याची त्याच्याच शेजारी दोरीने बांधून ठेवली.

डोलकाठी आडवी घेतली होती, तेव्हाच तिला ताणून धरणाऱ्या तारा तपासल्या. त्याला सोपी युक्ती आहे: कापसाचा बोळा तारेवरून हळूहळू फिरवत न्यायचा. एखादा धागा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. डाव्या बाजूच्या खालच्या तारेवर, जिथे ती स्टीलच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे, कापूस अडकला. भिंगाने पाहिलं तर एकोणीस धाग्यांपैकी एक तुटलेला आणि नळीच्या तोंडाशी गंजाची बारीक रेघ. एक तार बदलून बाकीच्या तशाच ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. सगळ्या एकाच वयाच्या असतात. सगळ्या बदलल्या. या एका कामाला शिडांपेक्षा जास्त पैसे गेले.

शिडांचं कापड चांगलं होतं, शिवण उन्हाने गेलेली. अंगठ्याच्या नखाने खरवडली की दोरा तुटत होता. पुन्हा दुहेरी शिवून घेतली. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीवरून येतात, दुपारनंतर वायव्येचे खारे वारे सुटतात. दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीकडून. ऐकायला सुखाचं, पण पाठीवरच्या वाऱ्यात जरा सुकाणू चुकलं की मोठ्या शिडाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे सपकन येतो, आणि वाटेत डोकं असेल तर संपलंच. म्हणून दांडा पुढे ताणून बांधणारा दोर कायमचा लावून घेतला, तो सुकाणूजवळ बसूनच सोडता येईल असा. मोठं शीड दोन टप्प्यांत कमी करता येतं. ते मी धक्क्यावर, मग खाडीत, मग रात्री, हाताला सवय होईपर्यंत करून पाहिलं.

इंजिन मागे टांगायचं, साडेनऊ-दहा अश्वशक्तीचं पेट्रोलचं. आतल्या डिझेल इंजिनाची ओढ अनेकांना असते. आपल्याकडे मात्र टांगतं इंजिनच चांगलं असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं कारण जाळी. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी जागोजाग रोवलेली असतात, त्यांचे बोये उन्हात लांबून दिसत नाहीत. शिवाय तुटलेली, वाहत आलेली जाळी. पंख्यात दोर गेला तर टांगतं इंजिन वर उचलून बसल्या जागी सोडवता येतं. सुकाणूशेजारी दातेरी सुरी आणि पाण्याखालचा चष्मा ठेवला. सुरी वाहत्या दोरासाठी. कुणाचं रोवलेलं जाळं कापायचं नाही, सोडवून घ्यायचं.

याच कारणाने रात्रीचा प्रवास यादीतून काढला. तरी दिवे नीट केले: डोलकाठीच्या टोकाला तिरंगी (लाल-हिरवा-पांढरा) एलईडी दिवा, नांगरावर असताना पांढरा. इंजिन चालू असेल तर होडी नियमाने यांत्रिक ठरते, तेव्हा टोकाचा तिरंगी बंद करून खालचे दिवे आणि पुढचा पांढरा लावायचा. फायबर रडारवर नीट दिसत नाही म्हणून धातूचा परावर्तक वर बांधला. मुंबई आणि न्हावाशेव्याकडे जाणारी जहाजं बघितली की त्याची किंमत कळते.

कागदपत्रांत होडीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं. 26/11 नंतर किनाऱ्यावर चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. निघण्याआधी सागरी पोलीस ठाण्यात मार्ग, मुक्काम आणि माणसांची नावं लेखी दिली, त्याची प्रत घरी ठेवली. व्हीएचएफ रेडिओ संकटात हाक मारायच्या चॅनल 16 वर, तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरांत. परदेशातून येणाऱ्या मित्रांना मुद्दाम सांगतो: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाहीत, अटक होते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज पाहायचा. बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की त्या दिवशी नांगर उचलायचा नाही.

नकाशे डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे, कागदी. फोनवरचे होतेच. भरतीच्या वेळांसाठी छापील तक्ता होता, पण नाखवांचा हिशोब मी तक्त्याशी ताडून पाहिला: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, दक्षिणेला जावं तसं कमी होत जातं. दाभोळ किंवा बाणकोटच्या खाडीत शिरायचं तर तोंडाशी वाळूचा दांडा आहे, चढत्या पाण्यावर आणि उजेडातच शिरावं. त्या मानाने जयगड आणि विजयदुर्ग आत शिरलं की निवांत. आंग्र्यांच्या आरमाराने विजयदुर्ग का निवडला ते तिथे नांगर टाकल्यावर लगेच कळतं. मालवणच्या तोंडाशी खडकच खडक. तिथे स्थानिक माणूस फोनवर ठरवून ठेवला.

खाण्यापिण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. माणशी रोज चार लिटर पाणी, एका टाकीत न भरता कॅनमध्ये, म्हणजे एक फुटला तरी बाकीचं उरतं. दशम्या, शेंगदाणे-गूळ, संध्याकाळी कुकरमध्ये खिचडी. गॅसचा छोटा सिलिंडर मात्र उघड्यावर ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळात साचतो.

मुक्काम सांगितल्याप्रमाणे होत गेले आणि नांगर एकदाही सरकला नाही. मालवणात पोचल्यावर परतीची तयारी वेगळी करावी लागली, कारण आता वायव्येचा वारा समोरून. मोठं पुढचं शीड उतरवून लहान चढवलं, पेट्रोलचे दोन कॅन जास्त भरले आणि निघायची वेळ पहाटे चारवर आणली, मतलई वाऱ्यात जेवढं उत्तरेला सरकता येईल तेवढं सरकून दुपारी आत शिरायचं म्हणून. रात्रीचा प्रवास नको या माझ्या नियमाला एवढी एक मुरड घातली, तीही किनाऱ्यापासून चार-पाच मैल बाहेर राहून आणि पुढे एकाला टॉर्च घेऊन बसवून.