ठाण्याची रात्र, वाशीची रात्र: दोन संध्याकाळींचा बेत

शुक्रवारी नवी मुंबई आणि शनिवारी ठाणे, हाच क्रम बरा. शनिवार-रविवारी गडकरी रंगायतनला चांगले प्रयोग लागतात, म्हणून ठाणे शुक्रवारवर ढकलू नये.

नवी मुंबईत पायी फिरून फारसं साधत नाही. वाशी स्टेशनजवळच मॉल आहे. खाण्यापिण्याची खरी वर्दळ सेक्टर 17 मध्ये, रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. गोंधळ होतो तो पत्त्यात. सेक्टर 17 नेरुळलाही आहे आणि कोपरखैरण्यालाही, त्यामुळे ॲपवर गाडी बोलावताना नोडचं, म्हणजे वाशी, नेरुळ अशा त्या-त्या उपनगराचं नाव घातलं नाही तर भलत्याच गावात उतरायची वेळ येते. बसायला थोडी शांत जागा हवी असेल तर बेलापूरचं सेक्टर 15. वाशी आणि बेलापूरच्या मधला पाम बीच रोड रात्री देखणा दिसतो, पण तो गाडीतूनच बघायचा. तिथे रेंगाळण्यासारखं काही नाही आणि गाड्या सुसाट असतात. बिअरसाठी वय 21, दारूसाठी 25. ओळखपत्र खिशात असू द्या, गटातल्या एकाकडे नसलं तरी दारातच अडतं.

ठाण्याची रात्र चालत होते. पश्चिमेला उतरलं की दहा मिनिटांत तलावपाळी. साडेसहाच्या आसपास पोहोचून तलावाला एक फेरी, मग राम मारुती रोड आणि गोखले रोड. साडेआठचा प्रयोग असेल तर जेवण आधीच उरका: नाटक अकराच्या सुमारास सुटतं, तोवर स्टेशनकडची बरीच हॉटेलं आवरायला लागलेली असतात. मध्यंतरातला बटाटेवडा जेवणाची जागा घेत नाही, रांगही मोठी. येऊर रात्रीच्या यादीतून काढाच. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचा वावर आहे. घोडबंदर रोडवरच्या मॉलला जायचं तर परतीला तासभर जास्तीचा धरा. रात्री अवजड वाहनं सुटली की रस्ता तुंबतो.

ठाणे-वाशी लोकलने साधारण अर्धा तास. शेवटची गाडी कितीची ते आधीच एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर बघून ठेवा. ती चुकली तर कॅब किंवा रिक्षाशिवाय पर्याय नाही, आणि रिक्षाला रात्री 12 ते पहाटे 5 मीटरच्या सव्वापट भाडं. रविवारी दुपारी ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे याच ठाणे-वाशी मार्गावर अनेकदा मेगाब्लॉक असतो, तेव्हा सामान घेऊन निघायचं ते सकाळी दहाच्या आत.