प्लेस्टेशनची सीडी लिहिताना माझे तीन आठवडे कुठे गेले

सीडी लिहून झाल्यावर संगणक तिची पडताळणी करतो आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवतो. त्या हिरव्या खुणेवर मी तीन आठवडे विश्वास ठेवला, त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही. ती खूण एवढेच सांगते की हार्ड डिस्कवर जी प्रत होती तीच सीडीवर उतरली आहे. मुळात प्रतच अर्धवट असेल, तर ती अर्धवट प्रत अगदी बिनचूक उतरते आणि खूण हिरवीच येते. ही साधी गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती, तर माझ्या अकरा कोऱ्या सीडी आणि परभणी ते छत्रपती संभाजीनगर अशी एक खेप वाचली असती.

आमच्या घरचे प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे सोनीचे गेमचे यंत्र, २००१ साली बाबांनी पैठण गेटजवळच्या एका दुकानातून जुने म्हणून घेतलेले आहे. हे यंत्र जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये विक्रीस आले. आपल्याकडे मात्र ते बहुधा कोणाच्या तरी सामानातून, आधीच चिप बसवून येत असे, आणि आमचेही तसेच आले. या चिपेविषयी आधी सांगितले पाहिजे, कारण ती नसेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. अस्सल प्लेस्टेशन डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, जिथून वाचन सुरू होते तिथे, खाचेला मुद्दाम एक सूक्ष्म लहर दिलेली असते आणि त्या लहरीत यंत्राला ओळख पटवणारी अक्षरे असतात. घरातला सीडी रायटर खाचेत माहिती लिहू शकतो, पण खाचेचा आकार बदलू शकत नाही, म्हणून लहरीची नक्कल कोणत्याही प्रोग्रॅमने होत नाही. चिप ती अक्षरे यंत्राला परस्पर पुरवते. डिस्क काळ्या रंगाची असणे हेच संरक्षण आहे असे मलाही लहानपणी सांगितले गेले होते, परंतु त्या रंगाचा याच्याशी काही संबंध नाही.

प्रत काढायची होती ती दादाच्या डिस्कची. गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम दादाने पहिल्या पगारातून मुंबईहून आणला होता आणि वीस-बावीस वर्षांत त्या डिस्कवर इतके ओरखडे पडले होते की तिसऱ्या शर्यतीनंतर यंत्र घरघर करीत थांबत असे. मे महिन्यात भाचा लातूरहून सुट्टीला येणार होता. तो येण्यापूर्वी एक चालती प्रत तयार करावी आणि अस्सल डिस्क कपाटात जपून ठेवावी, एवढाच माझा हेतू होता.

मी डिस्क लॅपटॉपच्या बाहेरच्या ड्राइव्हमध्ये घातली, एका मोफत प्रोग्रॅममध्ये ‘आयएसओ तयार करा’ हे बटण दाबले आणि आलेली फाइल सीडीवर लिहिली. पडताळणी झाली आणि हिरवी खूण आली. ती सीडी प्लेस्टेशनमध्ये घातल्यावर पांढऱ्या पडद्यावरचे केशरी चिन्ह आले, मागोमाग काळ्या पडद्यावरचे प्लेस्टेशनचे चिन्हही आले, म्हणजे चिपेने आपले काम केले होते. त्यानंतर सुरुवातीची चित्रफीत यायला हवी होती, तिथे नुसता काळा पडदा राहिला. दहा वेळा बंद-चालू केल्यावर एकदा स्टार्टचे बटण नेमक्या क्षणी दाबले गेले असावे, कारण थेट शर्यत सुरू झाली. तोवर भाचा येऊन बसला होता. तो म्हणाला, “मामा, गाडी पळायली, पण गाणं वाजंना गेलंय.” त्या वाक्यात सगळे निदान होते, पण ते ऐकूनही माझ्या लक्षात आले नाही.

मी दोष सीडीला दिला. ज्याला विचारावे तो हेच सांगत होता की सीडी हलक्या प्रतीची असेल, वेग कमी कर. म्हणून मी वेग चार पट ठेवला. नंतर प्रोग्रॅमची नोंद नीट वाचली, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले होते की हा ड्राइव्ह या सीडीवर दहा, सोळा आणि चोवीस पट वेगानेच लिहू शकतो. म्हणजे मी चार मागत होतो आणि तो निमूटपणे दहाने लिहीत होता. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह बहुतेक असेच असतात, आणि हल्लीच्या सीडीही मुळात जास्त वेगासाठी बनवलेल्या असल्यामुळे एक किंवा दोन पट वेगाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मी अखेरीस चालवली ती सीडी दहा पट वेगानेच लिहिलेली आहे.

मग वाटले, सीडीच बदलावी. परभणीत स्टेशन रोडवरच्या दोन-तीन दुकानांत कोरी सीडी मागितली, तेव्हा दुकानदारांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. एकाने माळ्यावरून धूळ झटकून पन्नासची नळी काढली, पण वरच्या चार-पाच सीडींना दमटपणाचे डाग होते. एके काळी मोझर बेअरच्या सीडी आपल्याकडे प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळत असत. ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. जपानच्या तैयो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय सोडला. म्हणजे आता जे मिळते ते उरलेले तरी असते किंवा नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा असे तरी असते. म्हणून डबीवरचे नाव वाचू नका, सीडीचा एटिप संकेत वाचा. कोऱ्या सीडीच्या आतल्या कडेलाच हा संकेत छापलेला असतो आणि लिहिण्याचा कोणताही चांगला प्रोग्रॅम तो दाखवतो. ९७ मिनिटे २४ सेकंद ०१ फ्रेम असा आकडा दिसला, तर तो तैयो युदेनचा आहे. मी तपोवन एक्स्प्रेसने संभाजीनगरला जाऊन, पैठण गेटच्या परिसरात अर्धा दिवस फिरून, दहा बऱ्या सीडी आणल्या. त्यांच्यावरही तेच चिन्ह, तोच काळा पडदा आणि तीच हिरवी खूण आली.

त्यानंतर मी यंत्राचे भिंग साफ केले. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अजिबात दाब न देता, ते पुसले. अस्सल डिस्क त्यामुळे थोडी बरी चालू लागली, परंतु माझी सीडी जिथल्या तिथेच राहिली. चिपेचे टाके सुटले असतील म्हणून यंत्र उघडून एका दुरुस्तीवाल्याकडे नेण्याची तयारीही केली होती. आज विचार करताना वाटते की त्या दिवशी दुरुस्तीवाल्याचे दुकान बंद होते, हे फार बरे झाले.

उलगडा झाला तो बाबांच्या म्युझिक सिस्टीमवर. बाबा पहाटे तिच्यावर काकड्याचे अभंग लावतात. एका सकाळी त्यांची सीडी संपली आणि समोर पडद्यावर तिच्या गाण्यांची संख्या आणि एकूण मिनिटे दिसली, तेव्हा काय मनात आले कोण जाणे, मी दादाची अस्सल डिस्क तिच्यात सरकवली. हिरव्या आकड्यांत १२ ट्रॅक आणि ५२ मिनिटे असे आले. मग माझी लिहिलेली सीडी घातली. १ ट्रॅक, १८ मिनिटे. मी अस्सल डिस्क पुन्हा घालून दुसऱ्या ट्रॅकवर गेलो आणि देवघराशेजारच्या त्या खोलीत शर्यतीचे संगीत सुरू झाले. भाचा अंथरुणातून उठून आला. तीन आठवडे ज्याचा शोध चालला होता, ते सकाळी साडेसहाला बाबांच्या सिस्टीमवर वाजत होते. (पहिला ट्रॅक मात्र अशा प्लेअरवर वाजवू नये. तो गेमचा मजकूर असतो, आणि काही जुने प्लेअर त्याचा कर्कश आवाज काढतात, त्याने स्पीकर खराब होऊ शकतो.)

त्यामागचे कारण असे आहे. सीडीवर माहिती २३५२ बाइटच्या तुकड्यांत असते आणि एका सेकंदाला असे ७५ तुकडे वाचले जातात. नेहमीच्या माहितीच्या सीडीत यातले २०४८ बाइट आपल्या उपयोगाचे असतात, बाकीचे ओळख आणि चूकदुरुस्तीसाठी असतात. आयएसओ फाइल फक्त ते २०४८ बाइट उचलते आणि बाकीचे टाकून देते, कारण कागदपत्रांच्या सीडीला तेवढे पुरते. प्लेस्टेशनच्या तुकड्यांत मात्र आठ बाइटचे एक उपशीर्षक असते, आणि हा तुकडा आवाजाचा आहे की इतर मजकुराचा, हे यंत्र त्यावरून ओळखते. चित्रफितीच्या अधूनमधून पेरलेले आवाजाचे तुकडे तर २३२४ बाइटचे असतात. ते २०४८ मध्ये कापले गेले आणि उपशीर्षकही गेले, म्हणून काळा पडदा येत होता. संगीताचे अकरा ट्रॅक हे साध्या ऑडिओ सीडीसारखे असल्यामुळे आयएसओमध्ये त्यांना जागाच नसते, म्हणून गाणे वाजत नव्हते. आणि संगणक माझ्या तोकड्या फाइलची तोकड्या सीडीशी तुलना करून सर्व ठीक असल्याचे सांगत होता.

हे आधी कळले असते, तर एका गुणाकारात प्रश्न सुटला असता. ५२ मिनिटांचे सेकंद करा, त्यांना ७५ ने आणि मग २३५२ ने गुणा. उत्तर सुमारे ५५ कोटी बाइट येते, म्हणजे विंडोजच्या मोजणीत ५२५ एमबी. माझी आयएसओ फाइल १५८ एमबीची होती. सीडी वाया घालवण्याआधी हा हिशेब कराच. फाइलचा नेमका आकार बाइटमध्ये घेऊन २३५२ ने भागावा आणि बाकी शून्य येते का ते पाहावे.

योग्य प्रत म्हणजे बिन आणि क्यू या दोन फाइलींची जोडी. बिनमध्ये सगळे तुकडे जसेच्या तसे असतात, आणि क्यू ही साध्या मजकुराची छोटी फाइल असते, तिच्यात कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेले असते. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पहिल्या ट्रॅकसमोर मोड २ आणि २३५२ हे शब्द हवेत, आणि संगीत असलेल्या गेममध्ये पुढच्या प्रत्येक ट्रॅकसमोर ऑडिओ हा शब्द हवा. लिहिताना प्रोग्रॅमला बिन फाइल न देता क्यू फाइल द्यावी. मी बिन फाइलचे नाव बदलून सुटसुटीत केले आणि क्यूमधल्या पहिल्या ओळीत जुनेच नाव राहिले, त्यामुळे प्रोग्रॅमने फाइल सापडत नसल्याचे सांगितले. नाव दोन्हीकडे अक्षरशः एकच असावे लागते. लिहिण्याची पद्धत ‘डिस्क ॲट वन्स’ ठेवावी, म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिली जाते आणि ट्रॅकमधली अंतरे क्यूमध्ये आहेत तशीच राहतात.

ओरखड्यांची डिस्क एकदा वाचून भागत नाही. मी ती कमी वेगाने, त्याच ड्राइव्हमध्ये, चारदा वाचली आणि चारही बिन फाइलींचे एमडी५ आकडे, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, ताडून पाहिले. पहिले दोन वेगळे आले. मग डिस्क मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे अशा सरळ रेषेत पुसली, गोल फिरवून पुसली नाही, आणि त्यानंतरची दोन वाचने जुळली. रीडम्प या प्रकल्पाच्या संग्रहात हजारो गेमचे असे आकडे दिलेले आहेत. त्यातल्या पहिल्या ट्रॅकच्या आकड्याशी माझा आकडा जुळला, तेव्हा खरी हिरवी खूण मिळाली असे मी मानतो. ऑडिओ ट्रॅकचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नये. प्रत्येक ड्राइव्ह आवाज वाचायला किंचित पुढे-मागे सुरुवात करतो, त्यामुळे तो फरक पडतो.

आणखी काही गोष्टी आठवतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी यासाठी घेऊ नका. तिचा पृष्ठभाग प्रकाश फारच कमी परावर्तित करतो आणि जुन्या प्लेस्टेशनचे भिंग तिच्यावर अडखळते. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, आणि बाहेरच्या ड्राइव्हचा अडॅप्टर भिंतीतल्या विजेवर असेल, तर लॅपटॉप चालू राहून सीडी मात्र मध्येच मरते. माझ्या अकरांपैकी दोन अशा गेल्या, म्हणून आता पहाटेच लिहितो. अमेरिकेसाठी किंवा जपानसाठी निघालेला गेम केवळ पाल, म्हणजे आपल्याकडची आणि युरोपातली रंगीत टीव्हीची पद्धत, समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर काळापांढरा दिसला, तर तो दोष सीडीचा नाही. युरोपसाठी निघालेल्या काही गेमवर लिबक्रिप्ट नावाचे वेगळे संरक्षण आहे आणि त्यासाठी बिन-क्यूची जोडी एकटी पुरत नाही. दादाची डिस्क तशी नव्हती.

बाराव्या सीडीवर चित्रफीत पूर्ण चालली, संगीत वाजले आणि भाच्याने तिसरी शर्यत ओलांडली. मी लातूरला दादाला फोन लावून तो आवाज ऐकवला. मी काही सांगण्याआधीच त्याने गेमचे नाव सांगितले.

सीडीवर नाव लिहिताना चिकटपट्टी लावू नये, तिने तोल जातो आणि सीडी फिरताना थरथरते. बॉलपेनही वापरू नये, कारण माहितीचा थर वरच्या बाजूलाच, पातळ लाखेखाली असतो. मी सीडी मार्करने मधल्या पारदर्शक कड्याजवळ एवढेच लिहिले आहे: १२ ट्रॅक, ५२ मिनिटे.