ताळा जुळल्याशिवाय नोंद नाही: आमची वाटचाल

२०११ साली मी आणि माझ्या मिस्टरांनी मुंबईत मस्जिद बंदरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स एवढंच भांडवल. खाली सुकामेव्याची आणि मसाल्याची गोदामं, त्यामुळे जिना चढतानाच धण्या-हळदीचा वास यायचा. अजूनही येतो. ज्या व्यापाऱ्यांना पूर्ण वेळ हिशेबनीस परवडत नाही त्यांची बिलं टॅलीत चढवायची, बँकेशी जुळवायची आणि त्यांच्या सीएच्या हातात तयार हिशेब द्यायचे, हे आमचं काम.

तिसरे आले ते काका. याच बाजारातल्या पेढ्यांवर त्यांची हयात गेलेली. व्यापारी त्यांना मेहताजी म्हणायचे. त्यांच्या टेबलावर पत्र्याचा एक ट्रे असायचा. अक्षर लागत नाही, बेरीज जुळत नाही, असं बिल त्या ट्रेमध्ये जायचं. आम्ही त्याला शंकेचा ट्रे म्हणायचो. काकांचा नियम एकच: ताळा जुळल्याशिवाय नोंद करायची नाही. शाळेत शिकलेला नऊचा ताळा आपण विसरून जातो, काका तो रोज वापरायचे. दोन बेरजांमध्ये फरक आला आणि त्याला नऊने भाग गेला की म्हणायचे, "ताई, आकडे उलटे पडलेत कुठेतरी. ५४ चे ४५ झालेत का बघा." बहुतेक वेळा तेच निघायचं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमचं काम बदललं. आता दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, १४ ला पोर्टलवर २बी दिसणार (विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, ही २०२० पासून), २० ला कर भरण्याचं ३बी. विकणाऱ्याने भरलेलं आणि आपण चढवलेलं बिल अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर व्यापाऱ्याला कराची वजावट मिळताना अडचण. माणसं वाढून सहा झाली, शेजारची खोली घेतली. लॉकडाऊनमध्ये सगळी बिलं व्हॉट्सॲपवर फोटोने यायला लागली ती नंतरही तशीच येत राहिली: दुमडलेली, तिरकी, चहाचे डाग पडलेली.

फोटो बघून बिल वाचणारी एआय मॉडेल्स आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आल्यावर, २०२४ च्या सुरुवातीला, मिस्टरांनी एक छोटा प्रोग्रॅम बनवला. व्हॉट्सॲपचा फोटो एआयकडे जायचा, तिथून आकडे थेट टॅलीत. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकायला लागलं आणि आम्ही हरखून गेलो. पण २बीशी जुळवायला लागल्यावर ते हरखणं उतरलं.

सांगलीहून आलेलं हळदीचं एक बिल मराठी आकड्यांत, हाताने लिहिलेलं होतं. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, सात सहासारखा, पाच चारसारखा. सतरा पोती शहाण्णव झाली होती. दुसऱ्या एका फोटोत बिल नंबरचा कोपराच कापला गेला होता. तिथे एआयने त्या व्यापाऱ्याच्या आधीच्या बिलांच्या क्रमात बसेल असा नंबर स्वतःच्या मनाने लिहून टाकला होता. आणि जुलैच्या पावसात नेट गेलं, प्रोग्रॅमने सगळा गठ्ठा पुन्हा पाठवला, तेव्हा अडतीस बिलं दोनदा चढली.

आम्ही स्वतः त्या व्यापाऱ्यांकडे गेलो आणि झालेलं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एकाने एवढंच विचारलं, "बाकीची बरोबर आहेत हे कशावरून?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन रविवार आम्ही सगळ्यांनी बसून एकेक बिल हाताने तपासलं. त्या कामाचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

काका तोवर निवृत्त होऊन डोंबिवलीला राहत होते. मी त्यांना बोलावून घेतलं. मिस्टरांनी स्क्रीनवर सगळं दाखवलं. काकांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "याचा ट्रे कुठाय?"

आज आमच्याकडे जे चालतं ते त्या प्रश्नातून उभं राहिलं. एआयला शंका घ्यायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. प्रत्येक रकान्यात काहीतरी भरायलाच हवं, अशीच आमची सूचना होती, म्हणून त्याने भरलं.

आता एआयकडे वाचण्याचं काम आहे, बाकी काही नाही. दिसत नसेल तर रकाना रिकामा सोड, ही पहिली सूचना. उत्तर ठरलेल्या साच्यातच यायला हवं: विक्रेता, जीएसटी क्रमांक, तारीख, बिल नंबर, प्रत्येक ओळीची पोती, भाव आणि रक्कम, करपात्र रक्कम, कर, एकूण. साच्यात न बसणारं उत्तर पुढे सरकतच नाही. बेरीज-वजाबाकी एआयला अजिबात करू देत नाही. ती साधा प्रोग्रॅम करतो, कारण तो आज जे उत्तर देईल तेच उद्याही देतो. एआयचं तसं नाही. तोच फोटो दोनदा दिला तर क्वचित दोन उत्तरं येतात.

मग ताळे सुरू होतात. करपात्र रक्कम अधिक कर म्हणजे एकूण यायला हवं. पोती गुणिले भाव म्हणजे त्या ओळीची रक्कम. सतरा पोत्यांची चूक या एका ताळ्याने पकडली असती. विक्रेता आणि घेणारा दोघंही महाराष्ट्रातले असले तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी समान हवेत, माल गुजरातेतून आला असेल तर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, गुजरातची २४. पुढची दहा म्हणजे पॅन. आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेलं असतं. म्हणजे सरकारनेच त्यात ताळा घालून ठेवलाय. शून्याच्या जागी ओ वाचला गेला तर शेवटचं अक्षर जुळत नाही. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो हिशेब कागदावर दोनदा करून बघितला. त्यांचा चेहरा असा खुललेला मी फार कमी वेळा पाहिलाय.

दुबार नोंदीसाठी विक्रेत्याचा क्रमांक, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांची मिळून एक खूण केली. वर्ष घ्यावंच लागतं, कारण एप्रिलमध्ये बहुतेकांचे बिल नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. ती खूण आधीच असेल तर गठ्ठा दहा वेळा पाठवला तरी नोंद एकच राहते.

ज्याचा एकही ताळा चुकला किंवा रकाना रिकामा राहिला ते बिल शंकेच्या ट्रेमध्ये. स्क्रीनवरच्या त्या यादीचं नाव आम्ही तेच ठेवलंय. तिथे फोटो आणि वाचलेले आकडे शेजारी-शेजारी दिसतात, ऑफिसात काम करणाऱ्या मुली ते बघून दुरुस्त करतात. कुणी काय बदललं, केव्हा बदललं, हे लिहिलं जातं. फोटोवर पेनाने "हे धरू नका, दुसरं पाठवतो" असं खरडलेलं असलं तरी एआयने त्यावरून काही ठरवायचं नाही. तो मजकूर ट्रेमध्ये येतो आणि माणूस व्यापाऱ्याला फोन करतो.

सगळ्यात जास्त मेहनत मात्र कसोटीच्या फाइलला लागली, आणि मला विचाराल तर आमच्या धंद्याची खरी मालमत्ता तीच आहे. जुन्या बिलांतली दोनशे अवघड बिलं निवडली: मराठी आकडे, गुजराती आकडे, पुसट कार्बन कॉपी, उलटे फोटो. प्रत्येकाचं बरोबर उत्तर काकांनी हाताने लिहिलं. दीड महिना ते मंगळवारी-शुक्रवारी डोंबिवलीहून येत होते. आता सूचनेत एक शब्द जरी बदलला तरी आधी ही दोनशे बिलं चालवतो. एकदा मॉडेलची नवी आवृत्ती घेतली तर ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च होऊन यायला लागली, म्हणजे नव्या आर्थिक वर्षातलं बिल मागच्या वर्षात जायला लागलं. फाइलमुळे ते ऑफिसातच कळलं. तेव्हापासून आवृत्ती ठरवून बांधून ठेवतो, आपोआप बदलू देत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. बदाम-पिस्त्यावरचा १२ टक्के ५ वर आला. आमचा ताळा जुन्या दरांवर बसलेला, त्यामुळे त्या आठवड्यात ट्रे ओसंडून वाहिला. मुली रात्री नऊपर्यंत थांबल्या. पण चुकीची नोंद एकही झाली नाही, सगळं अडलं ते ट्रेमध्येच अडलं. मग दरांचा तक्ता तारखेप्रमाणे केला, कारण २२ च्या आधीची १२ टक्क्यांची बिलं ऑक्टोबरमध्येही येत होती आणि ती बरोबरच होती. पुसट छपाईच्या एका बिलावर एआयने आपल्या जुन्या माहितीवरून १२ भरला होता, तोही तिथेच सापडला.

आता पुष्कळजण सांगतात की ट्रे काढा, फोटोपासून रिटर्नपर्यंत सगळं एआयवर सोपवा. मिस्टर अशांना एक हिशेब करून दाखवतात. प्रत्येक टप्पा शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर निघाला आणि असे दहा टप्पे एकामागे एक लावले, तर सगळं बरोबर निघण्याची शक्यता शंभरात साठच उरते. एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला मधे माणूस अजिबात नको होता. ते काम आम्ही नाकारलं. त्या महिन्यात ते पैसे हवे होते, तरीही.

एआय आल्यावर आम्ही कुणाला काढलं नाही. पण दोन नव्या मुली घेणार होतो त्या घेतल्या नाहीत, हेही सांगायला हवं. आहेत त्या मुली आता टायपिंग करत नाहीत, ट्रे सांभाळतात. त्यांना जास्त समजावं लागतं म्हणून पगारही वाढवले.

सध्या कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्ट्यांचं, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्यांचं, काम हातात आहे. तिसरी कार्बन कॉपी, वर ड्रायव्हरच्या बोटांचे ठसे, आणि मुख्य म्हणजे बिल्टीवर ताळ्याला धरता येईल असं वजन आणि भाडं याशिवाय फारसं काही नाही. कसोटीच्या फाइलमध्ये साठ बिल्ट्या झाल्यात. काकांना शंभर हव्यात, त्याआधी ते सुरू करू देणार नाहीत. मंगळवारी ते येणार आहेत, बिल्ट्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर काढून ठेवलाय.