आडवा ठेवलेला सिलिंडर

गेल्या आठवड्यात आमच्या साइटवरचे काँक्रीटचे तीन सिलिंडर, म्हणजे चाचणीसाठी ओतलेले भरीव गोल ठोकळे, फोंड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत तपासायला नेले होते. क्यूब, म्हणजे चाचणीचा चौकोनी ठोकळा, किती भार घेतो हे बांधकामावर सगळेच विचारतात, पण काँक्रीट किती ताण सोसते हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर ताणापुढे काँक्रीट फार दुबळे असते. दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो, आणि तडा बहुधा ताणानेच जातो.

काँक्रीट दोन्ही टोकांनी धरून सरळ ओढायचे म्हटले, तर पकड जरा तिरकी बसली तरी ते पकडीपाशीच मोडते. म्हणून १५० मिलिमीटर व्यासाचा आणि ३०० मिलिमीटर लांबीचा सिलिंडर मशीनमध्ये आडवा ठेवून, वरखाली प्लायवुडच्या पट्ट्या लावून दाबतात. दाब उभा असला, तरी त्याने सिलिंडरचा मधला भाग आडवा ताणला जातो. ब्राझीलच्या फर्नांडो कार्नेरो यांनी १९४३ साली ही पद्धत मांडली. रिओ द जानेरोतले एक जुने चर्च काँक्रीटच्या रोलरांवरून सरकवण्याचा विचार चालला होता आणि ते रोलर टिकतील का, हा प्रश्न होता. चर्चचा हा संदर्भ गोव्यात बसून वाचताना मला फार जवळचा वाटला.

पहिले दोन सिलिंडर सुमारे अठरा टनांवर, तिसरा मात्र बराच आधी दुभंगला. पूर्वसूचना कसलीच नाही. एक कोरडा आवाज झाला आणि त्याची उभी दोन फाके झाली. पहिल्या दोघांच्या फुटलेल्या अंगावर कित्येक खडे आरपार तुटलेले होते. तिसऱ्यात खडे अखंड निघून आले होते आणि त्यांच्या जागी गुळगुळीत खळगे उरले होते, म्हणजे तडा खडीला वळसा घालून सिमेंटच्या जोडावरून गेला होता.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत याची मला विशेष काळजी वाटते. छज्जातली सळई गंजली की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट आतून ताणते. तिथे हा जोड कच्चा असेल, तर सळईच्या रेषेत भेग पडून पावसाचे पाणी थेट लोखंडापर्यंत पोचते.

तिसऱ्या सिलिंडरचे एक फाक मी साइटवर परत आणले. मिस्त्रींनी खळग्यातून बोट फिरवून पाहिले, तर बोटाला खडीची भुकटी लागली. त्या भुकटीमुळेच सिमेंटने खडीला नीट धरले नसावे. त्या दिवसापासून खडी धुऊनच मिक्सरमध्ये पडते आहे.